छातीतली ताई

२ मार्च
लग्न होऊन आज या घरात आले. घर जलतरण तलावाला लागूनच. हे तिथले प्रशिक्षक. टॉवेलांना, अगदी उशांनाही क्लोरीनचा वास. सावत्र आई म्हणजे राक्षसीण, असं यांच्या धाकट्या मुलीला कुणीतरी सांगून ठेवलं असावं. मी तोंड उघडून सगळे दात दाखवले, तेव्हा कुठे ती हसली. हे तिला मासोळी म्हणतात. ती मला मावशी म्हणणार आहे, मला चालेल. थोरली गेल्या वर्षी याच तलावात बुडाली. तिचा पोहण्याचा चष्मा अजून खुंटीला आहे. मी तो पुसून ठेवला.

९ मार्च
पोहताना मासोळी मध्येच थांबते, छाती धरते. भरभर हात मारले की ताई आतून ठोठावते, म्हणते. काठावर बसली की थांबतं. हे म्हणाले, ही पाण्याची भीती, काट्यानेच काटा काढायचा. उद्यापासून फेऱ्या वाढवतो. मलाही पटलं. दुधानं तोंड पोळलंय पोरीचं, ती ताकही फुंकणारच.

१४ मार्च
भर दुपारी दार वाजलं. कोणी नव्हतं. पायरीवर ओली पावलं, मुलीची. मासोळी तर शाळेत होती. मी फडक्यानं पुसून टाकली, यांना सांगितलं नाही.

२० मार्च
मासोळीला गुपचूप डॉक्टरांकडे नेलं. मुलांच्या छातीत दुखणं बहुधा बरगडीचं नाहीतर स्नायूंचं असतं, म्हणाले. मग छातीला नळी लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. म्हणाले, क्वचित एखाद्या मुलाच्या हृदयाचा स्नायूच जाड होतो, भावंडांतही असतो, आणि दमछाक झाली की हृदय एकाएकी थांबू शकतं. हृदयाचे डॉक्टर तपासेपर्यंत पाण्यात उतरवायचं नाही. थोरलीचं सांगितलं, तर तिला पोहता येत होतं ना, असं त्यांनी विचारलं.

२१ मार्च
यांना सांगितलं. भिंतीकडे बघत सांगू लागले. बुडाली त्या दिवशी थोरलीही छातीत दुखतंय म्हणाली होती. नाटकं करू नकोस म्हणत यांनीच तिला पाण्यात धाडलं. ती बुडाली असेल तर दोष पाण्याचा. नाहीतर —
फार दया आली मला त्यांची. दार सारखं वाजतंय.

२२ मार्च
उठले तर दोघं नाहीत. बाहेरून कडी. डॉक्टरांना खोटं ठरवायला नेलंय तिला — फोन उचलत नाहीत — खिडकीच्या गजांतून हाका मारून घसा बसला. काही सुचत नाही, म्हणून लिहितेय —

यांची शिट्टी. पाण्यात हात मारल्याचा आवाज —

थांबला.

हे हाका मारतायत. थोरलीला — नाही, मासोळीला —

दार वाजलं. कडी निघाली. कोणी नाही. पायरीवर ओली पावलं, ओळखीची. आणि त्यांच्या शेजारी, लहान —