ढाक्याची माणसं गेली कुठे?

बाइंडरांचे शिरोमणी, माझे एकुलते एक श्यालक, यांस अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ आता कशी आहे? खळीच्या वासाने येणाऱ्या शिंका थांबल्या का? इकडे तुझी ताई खुशाल. मी श्वास घेतो आहे, एवढंच.

आमच्या खात्याचा आशियातल्या वाढत्या शहरांवरचा अहवाल सध्या तुझ्याकडे बांधणीला आहे. त्यातलं पान एकतीस माझं. (उघडू नकोस. उघडलंस तर लगेच मिट.) आकडे इंग्रजी क्रमाने आले होते: बांगलादेश, इंडोनेशिया, जपान, व्हिएतनाम. पण आम्ही पडलो वर्णमालेचे अभिमानी. स्वराच्या डोक्यावर 'ब' बसलेला पाहून माझ्यातला पंडित खवळला. देशांची नावं मी शास्त्रशुद्ध लावली. आकडे होते तिथेच राहिले. काल टायपिस्टबाईंनी चहा ढवळता ढवळता विचारलं, "काय हो शास्त्रीबुवा, ढाक्याची माणसं गेली कुठे?" बशी ठेवून त्यांच्याकडची प्रत उघडली. बांगलादेशाची शहरं जपानचे आकडे पांघरून निपचित पडलेली. आणि जपान, जिथे शाळांना मुलं मिळेनात, तो इंडोनेशियाच्या वेगाने फुगतोय! व्हिएतनाम तेवढा जागच्या जागी. (शेवटच्या बाकावर बसण्याचे फायदे.)

सोमवारी चारही देशांचे पाहुणे समोर बसवून साहेब हेच पान मोठ्याने वाचणार आहेत. कबूल करावं म्हणून दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा "पंखा छान चालतोय साहेब" एवढंच बोलून परतलो. मागे एकाचं दशांशचिन्ह घसरलं, त्याची बदली तळघरातल्या दफ्तरखान्यात झाली. तो अजून वर आलेला नाही. माझ्या निवृत्तीला चार वर्षं आहेत आणि मला दमा आहे. ताट तसंच बाजूला सारतो. ताई विचारते, "कुणी गेलं का?" मी म्हणतो, अजून नाही.

ता. क. बांधणी लांबव. हवा दमट आहे, खळ वाळत नाही, हे तू मला वीस वर्षं ऐकवतोस. एकदा साहेबांना ऐकव.

आणखी ता. क. पाकीट चिकटवतोय तोच तुझा टेम्पो कार्यालयाच्या दारात! चारशे प्रती, खडखडीत वाळलेल्या, तीन दिवस आधी. आयुष्यात एकदाच वेळ पाळलीस, ती ही.

शेवटचा ता. क. प्रती त्याच टेम्पोने परत पाठवतो आहे, सोबत हे पत्र आणि एकतीसची दुरुस्त पानं. बदलून दे. साहेबांना सांगितलंय, मेहुण्याने बांधणी ढिली केली. (बांधणी अप्रतिम आहे. पान ओढून पाहिलं, हललं नाही.) ते तुला आता फोन करतील, भयंकर चिडलेत. उचल, आणि सगळ्याला "हो साहेब, चुकलं" म्हण. ताईला मात्र यातलं काही सांगू नकोस. साहेबांना मी कसंबसं तोंड देईन, तिला नाही.