एसीबरोबर फिरणारा पंखा

बाबा, परवा धाकटीने माझी गाडी दुरुस्त केली आणि मला तुमचा फार राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता राग धरणं बरं नव्हे. पण आला.

नायगावला गर्दीत अडकले होते. एसी चालू. काटा लालवर गेला, बॉनेटमधून वाफ. गाडी ओढत फुलपाड्याला नेली, तुमच्याच गॅरेजमध्ये. आता ते तिचं आहे. तिने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "ताई, हा पंखा कोणी बसवला? इंजिन तापल्यावरच फिरतो. एसीची जाळी रेडिएटरच्या पुढे असते, तीपण तापते. एसी लावला की पंखा लगेच फिरायला हवा." हुबेहूब तुमचा सूर. मग तिने एसीच्या वायरवरून पंख्याला वेगळा रिले, म्हणजे एसीबरोबर आपोआप चालू होणारा स्विच, जोडला, बॅटरीकडून येणाऱ्या वायरला फ्यूज घातला. टेप दातात धरून तोडली, तुम्ही तोडायचात तशी.

ते बघताना जुनं आठवलं: मी दहावीत आहे. तुम्ही बॉनेटखाली वाकलेले, शेजारी स्टुलावर धाकटी, कोपरापर्यंत ग्रीस. मी दारात येते. "तू आत जा, अभ्यास कर. हात काळे करू नकोस," तुम्ही वळूनही न बघता म्हणता. लोकांना वाटायचं, थोरलीचं केवढं कौतुक. आतल्या खोलीत पुस्तक उघडून मी तुम्हा दोघांचं हसणं ऐकत बसायचे. कशावर हसता, ते मला कधीच कळलं नाही. पुढे मला ऑफिसात नोकरी लागली, तुम्ही गल्लीभर पेढे वाटलेत. संध्याकाळी मात्र तुम्ही तिचेच.

"बाबांनी सगळं तुलाच दिलं," परवा माझ्या तोंडून निघून गेलं.

"शिव्यापण मलाच दिल्या," ती वर न बघता म्हणाली. "बस आत. एसी लाव."

लावला. पंखा घोंघावला. वारा लागतोय का ते हात धरून बघत ती हसली, अगदी तुमच्यासारखी. ते हसू माझ्याकडे नाही, मी आरशात शोधलंय.

आज तिला फोन करून सांगितलं, गाडी अजून तापते. "असं कसं होईल?" ती बुचकळ्यात पडली. "रविवारी घेऊन ये, सगळं उघडून बघू." मी म्हटलं, या वेळी मी शेजारी उभी राहणार, एकेक वायर दाखव. ती म्हणाली, जुने कपडे घालून ये.

तिला सांगणार नाही, तुम्हाला सांगते. गाडी अजिबात तापत नाही.