पुसलेली पट्टी

तेर, जि. धाराशिव
१० नोव्हेंबर २०२५

चि. धम्मपाल आणि चि. सौ. पौर्णिमा यांस,
सप्रेम जयभीम.

एकच पत्र लिहून त्याची झेरॉक्स दोघांना पाठवतोय, एक पुण्याला आणि एक नाशिकला, कारण तुमची तक्रार एकच आहे. अण्णांनी जन्मभर गावोगावच्या लोकांना हाका मारल्या आणि घरच्यांना मागच्या सीटवर बसवून ठेवलं. ज्या गाडीपायी हे झालं ती आता धूर ओकते, डबेच्या डबे ऑइल पिते, तरी म्हातारा तिला सोडत नाही. बरोबर मांडली ना? समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडावी आणि मग बोलावं, ही माझी सवय तुम्हाला माहीत आहे. या वेळी मात्र मी उत्तर द्यायला उभा नाही. एक मागणी आहे. ती शेवटी करीन.

फोन का केला नाही म्हणाल, तर तुमची आई फोन स्पीकरवर टाकते आणि शेजारी बसून ऐकते. म्हणून कागद.

इकडं सगळं ठीक आहे. थंडी पडायला लागलीय. उसाचे ट्रॅक्टर रस्त्यानं सुरू झालेत आणि त्यांच्यावरची गाणी मला घरात बसून पाठ झालीत. विहाराला रंग कोणता द्यायचा यावरून बैठका झाल्या, रुसवेफुगवे झाले, शेवटी होता तोच दिला. शेजारच्या श्रीमंतची म्हैस व्याली. आई बरी आहे.

आता गाडीचं.

बुद्धपौर्णिमेला तुम्हाला सोलापूर स्टेशनवरून आणताना तामलवाडीच्या अलीकडं आपली ही पांढरी गाडी बंद पडली, ते तुम्ही विसरला नसाल. मी तर विसरणं शक्य नाही. मागं निळ्या धुराचा लोट, पौर्णिमाची क्षमा खोकून खोकून लाल झालेली, आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून धम्मपाल, तू म्हणालास, "अण्णा, हे भंगार आहे. हे मोडीत घालाल त्या दिवशी मला बोलवा. तोवर मी येत नाही." पौर्णिमा, तू लेकीच्या तोंडावर ओढणी धरलीस. तेव्हापासून दोघंही आला नाहीत.

भंगार. या देशात काय काय भंगारात घातलं जातं आणि कोणती माणसं घातली जातात, यावर मी कागद न घेता तासभर बोलू शकतो. त्या दिवशीही जिभेवर आलं होतं. पण तुमची आई ऑइलचा डबा पायाशी धरून पुढच्या सीटवर बसली होती. ती खाली मान घालून म्हणाली, "सकाळी तर म्या वतलं व्हतं." तिच्याकडं तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. मीही दिलं नाही.

धम्मपाल, त्यानंतर तू मला इंजिनावरचा तो व्हिडिओ पाठवलास. इंजिन म्हातारं झालं की तेल का पितं, त्याची सगळी कारणं त्यात होती. मी परीक्षेसारखा अभ्यास केला. पिस्टनच्या रिंगा झिजतात, मग तेल वर चढून पेट्रोलबरोबर जळतं. व्हॉल्व्हची सीलं कडक होतात, मग गाडी सुरू करताना धुराचा एक भपका येतो. कुठं गळतं. सगळी कारणं होती. आपलं नव्हतं.

ढोकीला नंदीशच्या गॅरेजमध्ये इंजिन खोललं. गाडी आत घेतल्या घेतल्या त्यानं जुनं तेल काढून टाकलं. किती होतं ते कुणी बघितलं नाही. रिंगा झिजल्या होत्या, हेही खोटं नाही. त्या बदलल्या, सीलं बदलली. पांढरी पुन्हा तरण्या पोरीसारखी बोलायला लागली. तुमची आई ते ऐकून हसली होती. आणि महिना उलटायच्या आत परत तोच निळा धूर. रोज सकाळी आई इंजिनातली तेल मोजायची पट्टी बघून म्हणायची, "अवो, आज बी पट्टी कोरडी हाय. लई पितीया ही."

मी गाडी घेऊन नंदीशच्या दारात गेलो आणि भाषण केलं. हो, भाषणच. कष्टकऱ्याच्या घामाशी बेइमानी, कारागिराची नीतिमत्ता, काय काय बोललो. रस्त्यावरची माणसं थांबली. बलभीम, आमच्या सभांतल्या गाण्यांचा जुना पेटीवाला, चहाच्या टपरीवरून उठून आला. नंदीशनं हात पुसले, बॉनेट उघडलं आणि पट्टी काढून माझ्या नाकासमोर धरली.

"गुरुजी, हे बघा. वरच्या खुणेच्या लई वर गेलंय. इंजिन तेल पीत न्हाय, तुमी त्याला कोंबून पाजताय. मग ते धूर न्हाय सोडंल तर काय करंल? कोण वततंय एवढं?"

बलभीम म्हणाला, "गुरुजी, घसा वला लागतो भाषणाला. इंजिनाला कशापायी?" सगळे हसले.

पोरांनो, त्या डब्याला आपल्या घरात एकच माणूस हात लावतं.

मी म्हणालो, "मीच ओततो. नजर गेलीय माझी." एवढ्या लोकांसमोर मी माझ्या आयुष्यात कधी खोटं बोललो नव्हतो. नंदीशची माफी मागितली. त्यानं जास्तीचं तेल काढलं, काळे पडलेले प्लग घासून दिले, आणि म्हणाला, "चष्मा करून घ्या." परत येताना मी गाडी इतकी हळू चालवली की मागचा ट्रॅक्टर हॉर्न देऊन पुढं गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराआड उभा राहिलो.

त्याआधी तुम्हाला एक सांगायला हवं, कारण तुम्ही मागच्या सीटवर होता, पुढं काय चालायचं ते तुम्हाला दिसलं नाही. पांढरी घेतली तेव्हाच गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं, जुनी गाडी आहे, रोज तेल बघत जा. मी हसण्यावारी नेलं. माझ्या डोक्यात सभा होत्या, टपावरचा भोंगा होता. तुमच्या आईनं ते मनावर घेतलं. रोज सकाळी इंजिन गार असताना ती बॉनेट उघडायची, जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं पट्टी पुसायची, तेल बघायची, लागलं तर घालायची, आणि मग म्हणायची, "हाय. चला." ते दोन शब्द ऐकल्याशिवाय पांढरी या दारातून कधी हलली नाही. एकदा एका सभेत कुणीतरी तिला टोमणा मारला, "काय मालनबाई, गुरुजींच्या मागं मागं फिरता व्हय?" ती म्हणाली, "मागं कशाला? गाडी माझी हाय. हे डायवर हायेत." तुम्ही दोघं त्या दिवशी गाडीत झोपला होता.

तर दाराआड उभा होतो. तिनं बॉनेट उघडलं. पट्टी ओढली. पुसली, अगदी लख्ख. आणि उजेडाकडं धरून बघितली.

धम्मपाल, तू इंजिनिअर आहेस, तुला कळलं असेल. पौर्णिमा, तुला सांगतो. पट्टी पहिल्यांदा काढतात ती नुसती पुसायला. मग ती परत आत घालायची, परत काढायची आणि मग बघायचं, तेल कुठवर लागलंय. तुझ्या आईच्या हातून ती मधली पायरी निसटलीय. ती पुसलेली पट्टी बघते. पुसलेली पट्टी कोरडीच दिसणार. म्हणून ती रोज घाबरते आणि रोज तेल ओतते. आपली गाडी बंद पडू नये, सभेला उशीर होऊ नये, तुमची क्षमा रस्त्यात अडकू नये म्हणून ओतते.

वर मी लिहिलं की आई बरी आहे. ती बरी नाही.

एकदा ते दिसलं आणि मग मागचं सगळं दिसायला लागलं. श्रीमंतच्या सुनेला, महेश्वरीला, ती पौर्णिमा म्हणून हाक मारते. ती गुणाची पोरगी "आले, आई" म्हणून येते, आणि मी ती गंमत समजत होतो. सोलापूरच्या डॉक्टरांना दाखवलं. गुडघ्यासाठी जातोय असं तिला सांगून नेलं. डॉक्टर म्हणाले, हा विसरण्याचा आजार आहे. गोळ्यांनी त्याची चाल थोडी मंदावेल, तो उलटा फिरणार नाही. माणसं आज ओळखते, पुढं ओळखेलच असं सांगता येत नाही.

गल्लीतल्या धुरपताबाईंच्या कानावर गेलं आणि त्या अंगारा घेऊन दारात आल्या. माझं डोकं फिरलं. माणसाच्या मेंदूवर आणि माणसाच्या अज्ञानावर मी असा काही बोललो की म्हातारी पायरीवरच थिजली. तुमची आई आतून आली, धुरपताबाईंच्या हाताला धरून त्यांना बसवलं आणि मला म्हणाली, "सभा हाय व्हय ही?" त्या क्षणी ती पहिल्यासारखी होती. असे क्षण येतात. तेच जास्त जीव घेतात.

मी तिला सांगून बघितलं नाही असं नाही. एका सकाळी शेजारी उभा राहिलो आणि हळूच म्हणालो, "मालन, पट्टी एकदा परत बुडवून बघ." आधी ती चिडली. "तुमी भाषणं करा. पट्टी माझी हाय." मग तिनं बुडवली, काढली. तेल वरच्या खुणेच्याही वर चमकत होतं. ती त्याच्याकडं बघतच राहिली. मग डब्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"म्या इसरले व्हय? रोज?"

मी डबा उचलून बाजूला ठेवला. ती बॉनेटला धरून उभ्या उभ्या रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं, आणि तिनं पुसलेली पट्टी परत उजेडाला धरली. मी सांगितलं तर ती लाज तिला रोज नव्यानं लागेल. म्हणून मी आता गप्प असतो. नंदीश येऊन जादा तेल काढून जातो. त्यालाही खरं सांगून टाकलं. तो त्या दिवसापासून तुमच्या आईला "मावशी" म्हणतो आणि तिच्यासमोर पट्टीला हात लावत नाही.

गाडी मी चालवत नाही. ढोकीला या महिन्यात संविधान दिनाचं भाषण ठरलं होतं, नाही म्हणून कळवलं. कार्यकर्ते रागावले. "गुरुजी, तुमी बी घरी बसला का?" म्हणाले. बसलो. पांढरी दारात उभी आहे, जागची हलत नाही, तरी तुमच्या आईच्या लेखी ती रोज तेल पिते.

हे लिहीत असताना ती दोनदा आत आली. आत्ताचं सांगतो.

"कुणाला लिवताय?"

"सभेचं आहे."

"पोरास्नी लिवा की. धम्माला म्हनावं, गाडीचं कायतरी सांग. त्याला इंजिनातलं कळतं. आपल्याला काय कळतंय?" मग दारापाशी थांबून म्हणाली, "रागावलाय का त्यो? बुद्धजयंतीला आला न्हाय."

आला होता, असं मी तिला सांगितलं नाही.

आता एक गोष्ट, जिच्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं. परवा महेश्वरी दारात आली होती. तिच्या नवऱ्यानं जुना टेम्पो घेतलाय. ती सहज म्हणाली, "आई, तेल कसं बघत्यात वो? मला बी दावा." तुमच्या आईनं पदर खोचला आणि पट्टी तिच्या हातात दिली. "वड. आता पूस. पुसली? न्हाय, आत्ता बघायचं न्हाय, अडाणे! परत घाल. पार टेकूस्तोवर. आता काढ. आता बघ." एकही पायरी चुकली नाही. तेल बघून म्हणाली, "भरल्यालं हाय की. कशाला वतायचं?" आणि डबा बंद करून ठेवला. त्या दिवशी तिनं तेल ओतलं नाही. दिवसभर ती गुणगुणत होती.

स्वतःसाठी करताना ती पायरी तिच्या हातून निसटते. दुसऱ्याला शिकवताना परत येते. असं का, हे डॉक्टरांना विचारीन. मला एवढंच कळतं, की इतक्या वर्षांत तिला कुणी काही विचारलं ते महेश्वरीनं. आपल्यापैकी कुणी कधी विचारलं नाही. तुम्ही शिकलात, मी शिकवलं, आणि जिच्या दोन शब्दांवर आपली गाडी हलायची ती डबा पायाशी धरून बसली.

गाडी विका, मोडा, भंगारात घाला. मी अडवणार नाही. या एका बाबतीत मी हरलो असं समजा. पण आधी माझी मागणी ऐका, आणि ऐकून नुसत्या टाळ्या वाजवू नका.

येत्या रविवारी सकाळी या. दोघंही या, क्षमाला आणा. रडू नका, डॉक्टरांचे कागद मागू नका, तामलवाडीचं नाव काढू नका. ती बॉनेट उघडेल, पट्टी ओढेल, पुसेल. ती उजेडाला धरायच्या आत तिच्या शेजारी जाऊन उभं राहा आणि म्हणा, "आई, पट्टी कशी बघायची, मला शिकव."

पुढं काय करायचं ते ती सांगेल. आणि ती "हाय, चला" म्हणाली, तर मी किल्ली फिरवीन.

तुमच्या आईचा डायवर,
अण्णा