बुधाजी विडी ओढत नव्हता

अंबरनाथ,
९ डिसेंबर १९५६

प्रिय मधू,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर राहिलं. माईला वाटतं मी आजारी आहे. तसं काही नाही; कागद पुढे घेऊन बसतो आणि उठतो.

दिवाळीआधी आमच्या वनस्पती तुपाच्या कारखान्यात स्फोट झाला, ते तू पेपरात वाचलंच असशील. त्या चार ओळींतला 'एक कामगार' म्हणजे बुधाजी, वांगणीचा फिटर. भातकापणीची रजा अर्धी मोडून मीच त्याला बोलावलं होतं, कारण गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळत होता आणि सणाची मागणी तुंबली होती.

तेल घट्ट करायला आम्ही हायड्रोजन वापरतो. त्याला ना रंग, ना वास. दिवसाउजेडी त्याची ज्वाळासुद्धा दिसत नाही. म्हणून टाकीला हात लावण्याआधी आत न पेटणारा कार्बनिक गॅस सोडून हायड्रोजन पुरता हाकलायचा, नमुना तपासायचा, मगच काम. त्या दिवशी कार्बनिक गॅस संपला होता. मॅनेजर म्हणाले, "अर्धा तास वरची झडप उघडी ठेवा, जाईल निघून." बुधाजीने माझ्याकडे बघितलं. "साहेब, तुमी सांगा. खोलू?"

मी "खोल" म्हणालो.

बोल्ट गंजलेला. ठिणगी न पाडणाऱ्या पितळी हातोडीने हलेना, तेव्हा त्याने लोखंडी घेतली. मी नेमका दाराबाहेर गेलो होतो, म्हणून आज पत्र लिहितोय. शेजारच्या निर्वासित कॅम्पातल्या इस्पितळात तो दोन दिवस जगला. शुद्धीत होता. कापलेलं भात शेतात पडलंय, एवढंच परत परत सांगायचा.

तुला कधी न सांगितलेली गोष्ट. दोन वर्षांपूर्वी त्याच टाकीवर असाच भडका उडाला होता. जनू हेल्परच्या भुवया जळाल्या, बाकी काही नाही. आम्ही सगळे हसलो. मी नोंदवहीत लिहिलं नाही. लिहिलं की चौकशी, आणि चौकशी म्हणजे काम बंद. ते लिहिलं असतं तर कार्बनिक गॅस संपल्यावर टाकी उघडायची कुणाची छाती झाली नसती.

या वेळी मात्र अहवाल झाला. 'कामगाराने विडी पेटवली.' खाली माझी सही आहे. मधू, बुधाजी विडी ओढत नव्हता. तंबाखूसुद्धा खात नव्हता.

पंधरा दिवसांनी त्याची बायको सगुणाबाई फाटकाशी आली. भांडली नाही, रडली नाही. "गावान बोलतात, त्याचे विडीनं झाला. तुमी व्हतात ना तिथं? खरा सांगा." मी पहारेकऱ्यासमोरच तिला खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुंबईला जाऊन फॅक्टरी इन्स्पेक्टरपुढे जबानी दिली, जनूच्या भडक्यासकट. आठवड्यात मला कामावरून काढलं. कारण दिलंय, 'खोट्या अहवालावर सही केली.' त्यात खोटं काही नाही.

परवा तुझं दुसरं पत्र आलं. त्यात लिहिलंय, गॅस विभागात केमिस्ट म्हणून नेमणूक झाली, आता आपण दोघं एकाच कारखान्यात, दादाला केवढा आनंद होईल. मधू, ती माझी जागा आहे. कशी रिकामी झाली ते त्यांनी तुला सांगितलं नसणार. येऊ नकोस असं म्हणत नाही. घरी मामांचं आजारपण असताना तुला ही नोकरी सोडता यायची नाही. पण नमुना रोज स्वतः तपास. कुणाला साधा चटका बसला तरी त्याच दिवशी लिहून ठेव, वरून कोणी काहीही म्हणो. आणि हे पत्र जपून ठेव. यातलं काहीच तुला कारखान्यातल्या एकाही कागदावर सापडणार नाही.

तुझाच,
चिंतामणीदादा