आखाजी आणि कांतीभाईंची शेड

१ मार्च १९९८, रविवार

कॉम्प्युटर आला! पावतीवरचा आकडा वाचून साईटवरची पोरं डोळे मोठे करतात. खरी किंमत वेगळीच. बैठकीतलं प्रमिलाचं शोकेस उचलून माडीवर टाकावं लागलं, बाहुल्या-कपांसकट. त्या बदल्यात तिने माझ्याकडून शब्द घेतला, यंदा अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, अमळनेरला तिच्या माहेरी. "आणि दोघं हं. एकटीने जायची बस मला कळते."

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला हिला स्टँडवर उतरवून मी उलट पावली साईटवर आलो होतो. त्यानंतर दर वर्षी आखाजी आली की कोणाचं तरी छप्पर अर्धं असतं, आणि पाऊस डोक्यावर. शेड बांधणाऱ्याच्या बायकोने माहेरी जायचं तरी कधी?

तर शब्द दिला. आखाजी २९ एप्रिलला. वापीजवळच्या गलोंड्याची कांतीभाईंची शेड ५ मेच्या आत झाकून द्यायची आहे, त्यांची धाग्याची मशिनं येतायत. कांतीभाई म्हणाले, "नारणभाई, तारीख एटले तारीख!"

बघू.

३ मार्च

विजयाबाई शिकवायला आल्या. देवगडच्या, इथे शाळेत गणित शिकवतात, संध्याकाळी कॉम्प्युटरचा क्लास. आवाज असा की माऊससुद्धा सरळ चालतो.

काम लिहायचं, समोर मुदत लिहायची, पडद्यावर निळी पट्टी उमटते. पाया, कॉलम, छपराच्या लोखंडी कैच्या, पत्रे — पट्ट्याच पट्ट्या! बाईंनी "आज एवढंच" म्हणून आवरलं. मी थांबतोय? त्या गेल्यावर प्रत्येक कामासमोर माझ्या सोयीची तारीख ठोकली, आणि कोण करणार या रकान्यात सगळीकडे माझं नाव. खोटं काय त्यात? माझी नजर नसेल तर गलोंड्यात एक बोल्ट सरळ बसत नाही.

८ मार्च

पायाचं काँक्रीट झालं. सात दिवस पाणी मारायचं. पडद्यावर बघतो तर सात दिवसांची पट्टी रविवार सोडून पुढे गेलेली! काँक्रीट रविवारी सुट्टी घेऊन वर्तमानपत्र वाचत बसतं का? प्रमिलाला दाखवलं. म्हणाली, "त्याला कळतं तरी रविवार कशाला असतो ते."

बाईंना विचारलं. अशा मुदतीला सुट्ट्या न मोजणारे दिवस द्यायचे असतात. दिले. खूश झालो, जणू काँक्रीट मीच बनवलं.

१४ मार्च

होळीचे दिवस. मजुरांची मुकादमीण सरुबाई आणि तिची माणसं त्यांच्या गावी, सुरंगीला गेली. "येऊ ना शेट, होळी विझंल तवा येऊ." सुरंगीची होळी कधी विझते हे सरकारलाही ठाऊक नाही.

२० मार्च

होळी विझली. सहा दिवस गेले. ते कॉम्प्युटरमध्ये भरले — आणि पत्र्याची पट्टी जागच्या जागी! इकडची तिकडे नाही! कांतीभाईंना घरी बोलावून चहा पाजला, पडदा दाखवला. "बघा शेठ. सहा दिवस वाया, तरी प्लॅन एक दिवस हललेला नाही!" त्यांनी खिशातून चष्मा काढून बघितलं. "वाह! मशीन होय तो आवी!" मशीन असावं तर असं, म्हणे.

२४ मार्च

विजयाबाई आल्या. पडदा बघून आधी हसल्या, मग खुर्ची पुढे ओढून बसल्या. हे वाईट लक्षण.

"नारायणराव, हलणार कसा? तुम्ही खिळे ठोकलेत." हाताने तारीख लिहिली की काम त्या तारखेला चिकटतं, आधीचं काम मेलं काय नि जगलं काय. तारीख लिहायची नसते. मुदत लिहायची, आणि कोणतं काम कोणाच्या मागे उभं ते सांगायचं. तारखा ते स्वतः काढतं.

"माझ्या पोरांचंही असंच," म्हणाल्या, "उत्तर आधी लिहितात, गणित मागाहून."

एकेक खिळा उपटला. पट्ट्या धडाधड उजवीकडे पळाल्या. पत्रे संपणार ९ मे.

प्रमिला दारात उभी होती. चहा बाईंनाच दिला.

२९ मार्च

पाडव्याचं श्रीखंड अजून आहे, डोकं चालतंय. कैच्यांचं वेल्डिंग कॉलम उभे राहायची वाट कशाला बघेल? यार्डात आजपासून सुरू. वेल्डर नथू आपल्या धरणगावचा. त्याला विचारलं, आखाजीला थांबशील? "आखाजीले मी आठे काय करू दादा?" तो गावी जाणारच, पण त्याचं काम २५ तारखेलाच संपतंय. पत्रे चढवणारी टोळी गोरखपूरची, त्यांना आखाजी म्हणजे काय ते माहीतही नाही. ज्याचा सण त्याची सुट्टी, सगळं भरलं.

पत्रे ४ मे! प्रमिलाला ओरडून सांगितलं. शेजारच्यांनी खिडकी उघडली.

५ एप्रिल

आज माझी रजा भरली, २७ एप्रिल ते २ मे. फक्त माझी. एका माणसाची.

सगळं सहा दिवस पुढे! पत्रे ११ मे!

वाटलं मशीन बिघडलं. बाईंना बोलावलं. त्यांनी बोट लावून दाखवलं, त्या आठवड्यातल्या प्रत्येक पट्टीवर माझं नाव. "तुम्ही सुट्टीवर, म्हणून पत्रेही सुट्टीवर. त्याला तुम्हीच सांगितलंय."

"मग नाव काढा," प्रमिला म्हणाली.

"आणि पत्रे वाकडे बसले तर?"

"तर वाकडे. मी बसने जाते."

८ एप्रिल

दोन दिवस घरात भाजी अळणी. प्रमिलाच्या आईचं पत्र आलंय — जावयांचा पुरणाचा मांडा यंदा खापरावर टाकू ना? तिने ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं, घडी न घालता.

१२ एप्रिल

योगेश माझा सुपरवायझर, बोर्डीचा. नऊ वर्षं माझ्याकडे. त्याला बसवून विचारलं, मी नसलो तर पत्रे करशील?

"करीन ना शेठ."

"अडलं तर?"

जरा घुटमळला. "शेठ, रागावू नका. तुम्ही आलात की टोळी खाली उतरते, तुमचं ऐकायला."

रागावलो. जेवेपर्यंत.

संध्याकाळी पहिल्या पट्टीवरून माझं नाव काढलं, योगेशचं घातलं. पडदा फुटला नाही. दुसरी. तिसरी. शेवटच्या पत्र्याला पोहोचलो तेव्हा हात थांबला, तर प्रमिलानेच कळ दाबली. चुकीची दाबली, पण भावना पोहोचली. मग मी बरोबर दाबली.

पत्रे ४ मे. मी अमळनेरला. दोन्ही एकाच वेळी!

२६ एप्रिल

कैच्या उभ्या. पहिला पत्रा माझ्या देखत चढला. कांतीभाई म्हणाले, "तमे जाओ छो? हमणां?" आत्ताच जाताय, म्हणे. योगेशला चार वेळा सगळं समजावलं. पाचव्यांदा सुरू केलं तर प्रमिला रिक्षातूनच ओरडली, "अहो, गाडी!" वापी, सुरत, मग भुसावळची गाडी. प्रमिला खिडकीशी बसून सोळा वर्षांच्या पोरीसारखी स्टेशनांची नावं वाचत होती.

२९ एप्रिल, आखाजी

आमरस. मांडे. सासूबाई कमळाबाई वाढता वाढता म्हणाल्या, "जावई खरंच आले का गं, का फोटो आणलास?" दुपारी पुरुष मंडळी पत्ते कुटायला बसली. मी हरलो, परत हरलो. बाहेर कडुलिंबाला झोका. प्रमिला त्यावर उभी राहिली, पदर खोचून, बहिणींनी झुलवलं, आणि ती एवढ्या मोठ्याने हसली की पत्ते थांबले. असं हसणं मी घरात ऐकलेलं नाही.

गलोंड्यात काय चाललं असेल? दोनदाच आठवलं.

२ मे

बूथवरून योगेशला फोन लावला. पत्रे काल संध्याकाळी संपले. एकही वाकडा नाही, कांतीभाई स्वतः शिडीवर चढून बघून आले. "शेठ, राहा ना अजून दोन दिवस."

ठरल्या तारखेच्या आधी झालेलं हे माझं पहिलं काम.