लाल बोट, जांभळं बोट

४ सप्टेंबर १९७२, सोमवार

नवीन इन्चार्ज आल्या — मेहताब सिस्टर, नगरच्या. दिवसभर वॉर्डात हात मागे बांधून फिरल्या आणि दोन वाजता ड्यूटी संपताच पिशवी उचलून चालत्या झाल्या! मी तेव्हा सलाईन लावत होते, तीन ड्रेसिंगं राहिली होती, कोपऱ्यातली म्हातारी बेडपॅन मागत होती. माझीही ड्यूटी संपलेलीच की! पण मी काही निघाले नाही.

आया भागूबाई मला म्हणाली, "ही बाई लई ऐटीत हाय." मी हसले. अशा पुष्कळ पाहिल्यात.

१० सप्टेंबर, रविवार

सुट्टी होती. पुणतांब्याला घरी जायचं ठरलं होतं. गेले नाही. दुष्काळी कामावरचे पेशंट येतच आहेत — कुणाचा पाय खडीनं फुटलेला, कुणाला घाण पाण्याचे जुलाब. असं टाकून कशी जाऊ?

कुंदा सासूबाईंपाशी असते. पाच वर्षांची झाली. मागच्या खेपेला मला बघून दाराआड लपली. हे म्हणाले, "पोरीला आई पाहुणी वाटायला लागली. दिवाळीपर्यंत बघू. नाहीच जमलं तर राजीनामा दे."

मला नोकरी सोडायची नाही! आणि पोरही परकी करायची नाही.

१३ सप्टेंबर, बुधवार

मेहताब सिस्टरनी आज मला सगळ्यांसमोर झाडलं. मी एका म्हाताऱ्याला चमच्यानं पेज भरवत होते आणि पलीकडे एकाची सलाईनची बाटली रिकामी होत आलेली.

"शेवंता, त्याची सून बाहेर बसलीय ना? ती का नाही भरवत?"

"सिस्टर, ह्या बायका सांडून ठेवतात."

"सांडू दे. पुसता येतं. तुला वाटतं तुझ्यावाचून वॉर्ड बंद पडेल. मरमर करायची हौस आहे गं तुला!"

रडूच आलं. जेवले नाही.

१४ सप्टेंबर

आज त्यांनी ड्रेसिंगच्या ट्रेमधलं लाल औषध घेतलं आणि काही खाटांच्या पायगतीच्या दांडीला एकेक बोट लावलं. काहींना जांभळ्या औषधाचं. उरलेल्या कोऱ्या.

"लाल म्हणजे तू स्वतः, आणि आधी. जांभळं म्हणजे भागूबाई. कोरी म्हणजे घरची माणसं — तू फक्त शिकवायचं आणि लक्ष ठेवायचं. रोज सकाळी पुसून नव्यानं लावायचं."

पोरखेळ वाटला.

२१ सप्टेंबर, गुरुवार

पोरखेळ नव्हे! आठवडा झाला, मी रोज वेळेवर खोलीवर येतेय. आज केस धुतले. दुपारी झोपले चक्क!

लंकाबाईला — सात नंबरच्या पोराची आई — सिस्टरनी सलाईनच्या बाटलीवर चिकटपट्टी लावून दाखवली. "पाणी इथवर आलं की हाक मारायची." ती माउली नजर हलवत नाही. आणि जी नातेवाईक मंडळी मी वॉर्डाबाहेर हाकलायचे, ती आता कूस बदलतात, पुसतात, मीठ-साखरेचं पाणी पाजतात. सांडतातही. भागूबाई तर जांभळी बोटं मोजून मोजून फुशारते — "ह्ये माझे पेशंट हायेत!"

मी सिस्टरना विचारलं, लाल कुणाला द्यायचं ते कसं ठरवता? म्हणाल्या, "ओरडणाऱ्याला निदान ओरडायचं बळ असतं. जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी बघ."

किती सहज बोलून गेल्या! मी मात्र आजवर ओरडणाऱ्यांच्याच मागे धावत आले.

१६ ऑक्टोबर, सोमवार — खंडेनवमी

काय हसावं की रडावं! सकाळी वॉर्डात पाऊल टाकलं तर सगळ्या खाटांच्या दांड्यांना हळदकुंकू! लंकाबाईनं पहाटेच पूजा उरकलेली. कालची बोटं कुंकवाखाली गडप, खाट अन् खाट लाल.

"अहो लंकाबाई, हे काय?"

"आज हत्यारं पुजत्यात न्हवं? मग खाट का सोडायची? हिनंच माझ्या लेकाला उभा केला. तुमच्या त्या सुयांच्या डब्यालाबी लावलंया!"

मेहताब सिस्टर पोट धरून हसल्या. मला वाटलं, आता पुसून पुन्हा लावतील. छे! "आज राहू दे त्यांचं कुंकू. आज तू ठरव," म्हणाल्या आणि खुशाल बाळंतिणींच्या खोलीकडे गेल्या.

मी दारात उभी. एक जण पाय दुखतो म्हणून बोंबलत होता. त्याला ओलांडून पुढे गेले. भिंतीकडेच्या खाटेवर बायडाबाई, खडी फोडणारी, जवळ कुणी नाही. कालपर्यंत तिची दांडी कोरीच होती — पाणी शेजारच्या खाटेवरची बाई पाजायची. डोळे मिटून, गप्प. हात लावला तर गार, घामेजलेली, नाडी लागेना. डॉक्टरांना हाक, सलाईन, पाय उंच... दुपारी तिनं पाणी मागितलं!

सिस्टर दोनला निघताना म्हणाल्या, "आता मला रजा घ्यायला हरकत नाही." एवढंच. मला सोन्याचं कडं मिळाल्यासारखं झालं. काय बाई आहे ही!

२२ ऑक्टोबर, रविवार — पुणतांबा

आले! कुंदा आधी लपली, मग मांडीत येऊन बसली ती उठेना. तिला लाल-जांभळ्या बोटांची गोष्ट सांगितली. गप्प पेशंटाची पण सांगितली. "मला कुठलं?" "तुला लालच गं राणी!"

सासूबाईंनी मला कशाला हात लावू दिला नाही. "दमून आलीस, बस." त्यांच्यावर सगळं सोपवलंय म्हणून तर माझं चाललंय. हेही म्हणाले, "अशी येत राहिलीस तर नोकरी सोड कोण म्हणतंय?"

२९ ऑक्टोबर

पुन्हा पुणतांब्याला जाऊन आले. कुंदा एस.टी.पर्यंत पोचवायला आली, न रडता.

५ नोव्हेंबर, दिवाळी — पुणतांबा

सासूबाईंच्या बाजेच्या पायाला कुंकवाचं बोट. कुंदाचंच काम! म्हटलं, अगं, लाल तर तुला ना?

"मी वरडते की. आजी गप असती."

सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "पोरीचं काय ऐकतीस." मी त्यांचं लुगडं घोट्याच्या वर सारलं. पाय सुजलेले. बोट दाबलं, खड्डा तसाच राहिला. कधीपासून, ते सांगेनात.

उद्या पहिल्या गाडीनं आमच्या दवाखान्यात. त्या पेशंट. मी नातेवाईक.