वीतभर कमी केलेलं तख्त

बाई, तख्त घेतलं. नव्या घराच्या बैठकीत, खिडकीखाली, आल्या माणसाला आधी तेच दिसेल असं मांडलंय. दुकानवाले आता त्याला दिवाण म्हणतात, म्हणोत बापडे, तुमच्या हाताखाली शिकलेल्या पोरीच्या तोंडात तख्तच येणार. अख्खं शिसवीचं आहे. तीन बाजूंनी कठडा, कठड्यावर कोरलेल्या वेली, आणि पाठीला एक मोर, त्याची चोच मात्र कुणीतरी कधीतरी मोडलीय. फुशारकी मारतेय म्हणा हवं तर. पेडगावच्या शाळेतली तुमची पोरगी परभणीच्या कोर्टात वकिली करते, स्वतःच्या कमाईनं घर बांधते, तिनं थोडी मारली फुशारकी तर काय बिघडलं?

जुन्या सामानाच्या दुकानात मी कितीतरी रविवार घातले. एका तख्ताला वेताची जाळी होती, देखणं होतं, पण बसलं की कुरकुरायचं. एकावर नवं पॉलिश असं थापलं होतं की खाली लाकूड कुठलं तेच कळेना. एक इतकं अरुंद, की त्याच्यावर मांजरानंच निजावं. मी प्रत्येकावर बसून बघायची, मांडी घालून, पाय सोडून, टेकून. दुकानदार वैतागला. "ओ मॅडम, निजामाच्या जमान्यातला माल हाय, दुरून बघायचा असतोय." म्हटलं, "मग काय आरती ओवाळू का त्याची?" तेव्हा कुठं हसला आणि मागच्या गोदामातून हे मोराचं बाहेर काढलं. घरी नवऱ्यानं नाक मुरडलं. "कोण कोण मेलं असंल त्याच्यावर, काय ठाव." मी म्हटलं, "ज्या घरात कुणी मेलं न्हाई ते घर दाखवा, तिथून आणते." मेलेलं लेकरू उठवायला, जिथं कुणी मेलं नाही अशा घरची मोहरी मागत दारोदार फिरलेल्या बाईची गोष्ट आम्हा दोघांनाही लहानपणी विहारात ऐकवलेली, त्यामुळं टेम्पो ठरवायला गेले बिचारे.

तुमचं तख्त मला अजून जसंच्या तसं दिसतं. मुळात ते तुमचं नव्हतंच, देशमुखांच्या ओसरीतलं होतं. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा विकायला निघालं, आणि तुम्ही घेतलंत. चांगलं कमरेएवढं उंच होतं. त्याच्यावर मालक बसायचे आणि समोर अंगणात माझी माय उकिडवी बसायची, उद्या खुरपायला येऊ का म्हणून विचारायला. ते तख्त बैलगाडीतून तुमच्या खोलीपुढं उतरलं तेव्हा अर्धा गाव गोळा झाला होता. तुम्ही वर्गातल्या सगळ्यात बुटक्या पोरीला हाक मारलीत. मीच ती. सुतळीचं एक टोक माझ्या गुडघ्याला लावलंत, दुसरं टाचेला, आणि सुताराला म्हणालात, "एवढेच पाय ठेवा, बाकीचे उडवा." गर्दीतलं एक म्हातारं कळवळलं, "बाई, बापजाद्याची चीज, पाय छाटायलाव?" करवतीच्या आवाजावर आवाज चढवून तुम्ही म्हणालात, "लय चढून बसलं होतं, आजोबा. जरा खाली आणायलेय." कापलेले तुकडे शाळेत नेलेत. त्यांच्यावर उभं राहून आम्ही फळ्यावर वरच्या ओळीत लिहायचो.

त्या तख्तावर संध्याकाळी अभ्यासाला सगळ्या वस्त्यांची पोरं बसत. मी पहिल्या दिवशी सवयीनं खाली बसले, भिंतीला चिकटून. तुम्ही पुस्तकातून मान वर न काढता म्हणालात, "खाली काय सांडलंय का तुझं? वर बस." बसले, पण कडेला. "कडेला कोंबडी बसती. मधी सरक." असं कुणी आमच्यावर खेकसलं नव्हतं बाई, आणि त्या खेकसण्यानं मला किती बरं वाटलं होतं, हे तुम्ही होतात तोवर सांगायचं राहूनच गेलं. मला पुढं शिकायला परभणीला पाठवा, हे सांगायला तुम्ही मायला बोलावलंत तो दिवस तर मी विसरणंच शक्य नाही. माय आली आणि तख्त ओळखून दाराशीच खाली बसली. तुम्ही दोनदा वर बोलावलंत, ती हलेना. मग तुम्हीच उतरलात, पदर खोचलात आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलात. "आज तख्ताला सुट्टी," म्हणालात. चहा फरशीवर, गप्पा फरशीवर, तख्त रिकामं. आम्ही निघताना हळूच मला म्हणालात, "माझ्याकडं नाही बसल्या. तुझ्याकडं बसतील."

तर बाई, मागच्या आठवड्यात माय आली. पेडगावाहून भावाच्या मोटारसायकलीवर, हातात शेंगांची पिशवी. मोरावरून हात फिरवला, चोचीपाशी थांबली, "कुणी मोडली की बाई," म्हणाली, आणि तख्ताच्या पायाला टेकून खाली फरशीवर बसली. एवढं घर कशासाठी बांधलं मी? "माय, वर बस की." तिनं बसून बघितलं, लगेच उतरली. "लय उंच हाय गं. पाय लोंबायलेत. पाय लोंबवून बसायला मी काय देशमुखीण हाय का?" मला हसू आलं आणि रडूही. मी सुतळी शोधायला उठले.

बोलावलेला सुतार त्या दुकानदाराच्याच ओळखीचा निघाला, लगेच दुकानदाराचा फोन आला, "मॅडम, पाय कापले की अँटिकपणा गेला, कवडीची किंमत ऱ्हात न्हाई." म्हटलं, "इकायचंय कुणाला?" मायच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत सुतळी धरली. गुडघे सुजलेले, टाचांना भेगा, आणि ती लाजून म्हणते, "काय येड्यावानी करायलीस." सुतारानं करवत चालवली. तख्त भिंतीला लागलं आणि माय बसली, कडेला नाही, मधोमध, मोराला पाठ टेकून. दोन्ही पाय फरशीवर सपाट ठेवले, बोटं हलवून बघितली. "टेकायलेत की गं माय पाय," म्हणाली. संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या आणि सवयीनं खाली बसायला लागल्या, तर आमची माय काय म्हणाली असेल? "खाली काय सांडलंय का तुमचं? वर या." बाई, तुम्ही हव्या होतात हो तेव्हा. माझी छाती अशी फुगली होती, की कुठला खटला जिंकून कधी फुगली नव्हती.

एक मात्र कबूल करते. सुतार म्हणत होता, "खुणा मी करतो ताई, तुमी सरका." मी कुठली सरकते! त्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली, चारही पायांवर रेघा मीच मारल्या, आणि एक पाय आखूड झाला. तुमच्या हाताखाली शिकूनही माप चुकलंच. मघापासून माय बैठकीतून ओरडायलीय, "डुलायलंय गं हे, कायतरी सार खाली." तुमचा पत्ता तर आता कुठल्याच पोस्टाकडं नाही. या कागदाची चौपट घडी घालते, त्या पायाखाली बरोबर बसेल.